उडणाऱ्या माणसाचं माप

डावा डोळा मिटायचा, मान जराशी कलती करायची आणि ओट्यावरूनच आकडा सांगायचा, "छाती छत्तीस. श्वास सोडा भाऊ, मंग चौतीस."

जुन्या जालन्यात, कापडाच्या घाऊक दुकानांच्या गल्लीत त्या टेलरचं शिलाई मशीन होतं. तुमच्याही गावात असा एखादा टेलर असेल, ज्याच्या नजरेवर लोक पैजा लावतात. गिऱ्हाईक खाली रस्त्यावर उभं, हा तीन पायऱ्या वर मशीनमागे. नजरेनं बघून तो खडूनं पाटीवर आकडे लिहायचा आणि आठ दिवसांनी सदरा तयार. किंचित ढिला असायचा, पण अंगावर बरा दिसायचा. "ढील आसली की माणूस मोकळा राहतो," असं त्याचं म्हणणं.

आमच्या घरचे कपडे तोच शिवायचा. वडील शिक्षक, मूळचे धावडा गावचे. आजोबांनी हयातभर मेंढरं राखलेली. मी त्या वर्षांत पत्रकं लिहायचो. जात, धर्म, मालक, मजूर, कुठल्याही विषयावर माझं पत्रक तयार असे, आणि त्याच्या गठ्ठ्यातली पहिली प्रत मी या टेलरला देत असे. मी त्याला मामा म्हणायचो. तो पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, घडी घालायचा आणि मग त्याच कागदातून कॉलरचा नमुना कापायचा.

"मामा, अहो ते वाटायला दिलंय!"

"वाचलं की. लिहिलंय बराबर. कागद बी झ्याक हाय, दुमडत न्हाई."

एकदा तो मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेला आणि महिन्यानं परत आला तो एक बातमी घेऊन. मुलीच्या चाळीत एका घरी टेलिव्हिजन होता. आमच्यापैकी कुणी तोवर तो पाहिलेला नव्हता. त्यावर परदेशातली एक नवी मालिका सुरू झाली होती, उडणाऱ्या माणसाची. पहिला भाग बघायला म्हणे चाळ लोटली होती. भाषा इंग्रजी. कुणाला अक्षर कळलं नाही, पण कुणी उठलंही नाही.

संध्याकाळी ओट्याखाली घोळका जमला. कसा उडतो, किती उंच उडतो, पडत नाही का?

"उडतो बराबर," मामा म्हणाला. "पन कपडा पाह्यला का त्याचा? बटन न्हाई, नाडी न्हाई, खिसा न्हाई. आत शिरला कुठून, हे मी शेवटपर्यंत शोधून राह्यलो."

लोक हसले.

"वरून चड्डी. सगळ्यात वर. आन् पाठीवर दीड वार कापड नुसतं फडफडतं. त्यात दोन पोरींचे झंपर निघतेत."

"रंग कोणता हो?"

"त्या डब्यात सगळंच राखाडी."

मला राहवेना. "मामा, हे थोतांड आहे," मी म्हणालो. "वरून एकजण उडत येणार, सगळ्यांचं भलं करणार, आणि खालच्यांनी माना वर करून टाळ्या वाजवायच्या. लोकांनी स्वतः उठू नये म्हणून काढलेली ही गोष्ट आहे."

मामानं मान डोलावली. "बिलकुल. पन भाऊ, तो दोन्ही हात डोक्यावर नेतो, तरी काखेत वढत न्हाई. जादा कापडाची कळी लावली आसंल का तिथं?"

माझं भाषण तिथंच संपलं.

समोरच्या कापड दुकानाच्या शेठजींचा मुलगा औरंगाबादला कॉलेजात होता. त्यानंही ती मालिका मुंबईत काकांकडे पाहिली होती. स्नेहसंमेलनात आपण तोच उडणारा माणूस व्हायचं, असं त्यानं ठरवलं. बनियनचं निळं कापड घेऊन तो ओट्याखाली येऊन उभा राहिला. मी तिथंच पायरीवर बसलो होतो.

"मास्टर, अगदी तसाच पायजे. अंगाला चिकटून."

मामानं डावा डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. मग दोन्ही डोळे उघडले.

"वर या, छोटे शेठ. टेप लावावा लागंल."

मुलगा हसला. "टेप कशाला? अंदाजानं घ्या की. आजवर आमच्या घरात कोणाला टेप लावला तुम्ही?"

मामानं हातातला खडू खाली ठेवला. त्याच्या मशीनच्या खणात टेप होता, तो मी अनेकदा पाहिला होता. त्याच्या वस्तीतली माणसं यायची तेव्हा तो बाहेर निघायचा. ती माणसं सरळ ओट्यावर चढायची, हात पसरून उभी राहायची, आणि मामा त्यांच्या छातीभोवती टेप फिरवत घरचं विचारायचा. छप्पन साली त्यांनी धर्म बदलला होता. गल्लीनं आपली सवय बदलली नव्हती. कपडा चालत होता, हात चालत नव्हता. ज्या नजरेचं आम्ही कौतुक करत होतो, ती त्याच्यावर आम्हीच लादली होती. आणि मी, एवढी पत्रकं लिहिणारा, वयाच्या पाचव्या वर्षापासून त्याच रस्त्यावर उभा राहून माप देत आलो होतो.

"अंदाजाला दोन इंच ढील लागते," मामा शांतपणे म्हणाला. "ह्याला ढील चालत न्हाई. हे कापड ताणतं. जादा झालं तर लोंबतं, कमी झालं तर स्टेजवर फाटतं."

मुलानं वळून आपल्या दुकानाकडे पाहिलं. गादीवरून शेठजी इकडंच बघत होते. "बघतो," म्हणत तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आपला जुना सदरा घेऊन आला. मामानं तो उलटासुलटा केला आणि परत दिला. "सदऱ्याच्या मापात सदराच निघंल, छोटे शेठ."

मी पेटलो होतो. "मामा, आज रात्रीत पत्रक काढतो. नाव घालून काढतो."

"नका काढू."

"का? घाबरता?"

"तुमचं पत्रक निघालं की त्याचा बाप त्याला इकडं फिरकू द्यायचा न्हाई. मंग माझा टेप ऱ्हायला खणातच." तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला होता. "वीस वर्सं झाली ह्या गल्लीत. एकाला तरी मी नीट शिवीन की न्हाई?"

संमेलन चार दिवसांवर आलं. एका दुपारी, शेठजी गादीवर बसलेले असताना, मुलगा रस्ता ओलांडून आला. पायऱ्यांशी क्षणभर थांबला. मग चढला.

मामानं खणातून टेप काढला. आधी लुंगीला हात पुसले. मुलानं हात वर केले आणि मामानं त्याच्या छातीभोवती टेप नेला, खांदा मोजला, दंड मोजला, काखेत दोन बोटं घालून पाहिलं. गल्लीत कापड मोजायचे आवाज थांबले होते. शेठजी उठले नाहीत. नुसते बघत राहिले. मामा प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत होता. एरवी तो इतक्या मोठ्यानं कधीच बोलायचा नाही.

मुलगा गेल्यावर मी म्हणालो, "मामा, तो काही समतेसाठी आला नाही. स्टेजवर रुबाब करायचा होता म्हणून आला."

"माहीत हाय."

"मग यात काय मिळालं?"

"का आला ते त्याचं तो बघंल," मामा टेप गुंडाळत म्हणाला. "चढला का न्हाई?"

संमेलनात त्या पोशाखाला पहिलं बक्षीस मिळालं असं ऐकलं. शेठजींच्या घरचे कपडे त्यानंतर दुसरीकडे जाऊ लागले. मुलगा मात्र सुटीत आला की मामाकडेच येई, आणि वर चढे. वर्षभरानं मुलीनं बोलावलं म्हणून मामा मुंबईला गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्या ओट्यावर आता घड्याळं दुरुस्त होतात.

त्याची आठवण आली की मला ती दुपारच दिसते. मुलगा गेल्यावर, एवढं बोलून झाल्यावर, मीही उठलो होतो आणि पायऱ्या चढून त्याच्यासमोर हात पसरून उभा राहिलो होतो.

"माझंही माप घ्या मामा. टेपनं."

"कशाचं? काही शिवायचंय का?"

"शिवायचं काही नाही. पण घ्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. थकलेल्या माणसानं पाहावं तसं.

"त्याला गरज होती, भाऊ. उगंच काय माणसाला हात लावायचा?"

आणि तो निळं कापड पसरून त्यावर खडूनं रेघा मारायला लागला. मी हात पसरून तसाच उभा होतो. समोरच्या दुकानातला नोकर हसला, तेव्हा मी ते खाली घेतले.