तुटकी नावं

धम्मप्रिया त्रेचाळीस वर्षांची. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटीच राहते. दवाखान्यांत आपली पाळी आली की लाल अक्षरांत नाव सरकत जातं, तसले बोर्ड बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरून करते. बोर्डाच्या आतल्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम तिचाच. आईच्या आजारपणात ती सोलापूरला परत आली. आई, मनकर्णाबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. परत पुण्याला जायला काही कारण उरलं नव्हतं, आणि इथं राहायलाही नव्हतं. ती राहिली.

कंपनीतली माणसं तिच्याशी टाइप करून बोलतात. कधीकधी दुपारी दारावर आलेल्या भाजीवालीला ‘पाव किलो दे’ म्हणताना तिला कळतं, की आज आपण पहिल्यांदाच तोंड उघडलं.

मार्चमध्ये कंपनीचा निरोप आला. अक्कलकोट रोडवरच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात महिन्यापूर्वी बोर्ड बसवला होता आणि तिथं मराठी नावं नीट उमटत नव्हती. तू गावातच आहेस, जाऊन बघशील का? नऊ वर्षांच्या नोकरीत आपला बोर्ड माणसांसमोर चालताना तिनं एकदाही पाहिला नव्हता. सकाळी दहा वाजता ती रिक्षानं निघाली.

दवाखान्यात बाकं भरलेली होती. काउंटरवर बसू नावाचा चाळिशीचा कारकून कंप्युटरवर नावं टाकत होता. बोर्डावर ‘प्रभु’ आलं, नीट आलं, एक म्हातारा उठून आत गेला. मग ‘सोमशेख’ आलं, त्यापुढं एक रिकामी चौकट. कुणी उठेना. बसूनं मान वर करून हाक मारली तेव्हा सोमशेखर नावाचा माणूस उठला.

“तुम्ही हाका मारताच की,” धम्मप्रिया म्हणाली.

“किती मारणार, मॅडम? हितं शंभर माणूस. हाकांचा गोंगाट नको म्हणून तर डॉक्टरांनी बोर्ड घेतला.”

बारा वाजून गेले तरी भिंतीकडच्या बाकावरची एक म्हातारी जागची हलली नव्हती. हिरवं इरकल नेसलेली, मांडीवर पिशवी, नजर बोर्डावर. धम्मप्रिया तिच्या शेजारी जाऊन बसली.

“आजी, नंबर कधीचा आहे?”

“सकाळी आठधरनं बसलेय की. नाव आलं न्हाय अजून.”

“नाव काय तुमचं?”

“निंगव्वा. दुधनीची मी.” तिनं पिशवीतून केसपेपर काढून नावावर बोट ठेवलं. “मला कानडी वाचता येतंय, मराठी न्हाय येत. नातीनं एवढं शिकवून धाडलंय. शेवटाला दोन व चिकटलेलं, त्याच्या म्होरं काठी. तसलं आलं की उठ म्हणाली.”

“बरोबर कोणी नाही आलं?”

“कोण येतंय, बाई? ज्याला त्याला आपलं काम हाय.”

धम्मप्रिया काउंटरवर गेली. बसूनं यादी पाहिली. “दोनदा फिरवलं मॅडम ते नाव. हाकबी मारली, ह्या गोंगाटात ऐकू गेली नसंल. उठल्या न्हाईत.”

“पुन्हा टाका.”

नाव सरकत आलं. ‘निंगव्’ आणि पुढं चौकट. म्हातारी त्याच्याकडं टक लावून बघत होती आणि हलत नव्हती. तिला शिकवलेल्या खुणा त्यात नव्हत्याच.

“आजी, हे तुमचंच नाव आहे. चला.”

“हे? ह्याला काठी कुटं हाय?”

“माझ्याकडून तुटली,” धम्मप्रिया म्हणाली आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. डॉक्टरांनी एका डोळ्यात मोतीबिंदू पिकल्याचं सांगून ऑपरेशनची तारीख दिली. निंगव्वाला दुधनीच्या एसटीत बसवून ती घरी आली.

चूक तिची तिला रिक्षातच कळली होती. चिपला अक्षर कळत नाही, फक्त बाइट कळतात. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. मराठीत ‘न’ला तीन बाइट, त्याच्या वेलांटीला तीन, अनुस्वाराला आणखी तीन. तिनं नावासाठी वीस बाइट ठेवले होते आणि प्रोग्रॅम एकेक बाइट मोजत पुढं सरकायचा. निंगव्वा चोवीस बाइटांचं. दुसऱ्या ‘व’च्या पोटातच ते तुटायचं. मराठी नावांचा हा पहिलाच बोर्ड; तो तयार करताना तिनं ‘भीमा’ आणि ‘प्रभु’ टाकून पाहिलं होतं. दोन्ही वीसच्या आत बसली आणि तिनं काम झालं म्हणून कळवलं.

घरी टेबलावर चाचणीचा लहान बोर्ड होता. जुनाच प्रोग्रॅम ठेवून तिनं त्यात आईचं नाव टाकलं. ‘मनकर्ण’ आलं आणि चौकट. एका कान्यासाठी नाव अडलं होतं.

मग चार दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. अक्षर किती बाइटांचं आहे ते त्याच्या पहिल्या बाइटावरूनच कळतं, तेव्हा तेवढी उडी मारून मगच थांबायचं. जागा संपत आली तर अख्खं अक्षर सोडायचं, अर्धं घ्यायचं नाही. पण तेवढ्यानं भागेना, कारण नाव सरकताना ‘न’ आधी यायचा आणि त्याची वेलांटी मागून. म्हणून काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हं मागच्या अक्षरापासून सोडवायची नाहीत, आणि हलन्तानंतर, म्हणजे पाय मोडलेल्या अक्षरापुढं, व्यंजन आलं तर तेही त्यातच धरायचं, असं तिनं लिहिलं. चिपवर जागा कमी होती. सुरुवातीचा ‘सुस्वागतम्’चा संदेश काढून टाकला तेव्हा नावाला शहाण्णव बाइट मिळाले.

चौथ्या दिवशी दुपारी ‘मनकर्णा’ उजवीकडून डावीकडं अख्खं सरकत गेलं. बोर्ड नाव तीनदा फिरवून विझतो. तो विझला तेव्हा तिनं तेच नाव पुन्हा टाकलं.

कंपनीला कळवलं तर अंगठ्याचं चित्र आलं, आणि त्याखाली पुढच्या कामाची यादी.

दवाखान्यात नवा प्रोग्रॅम चढवायला ती गेली तेव्हा एप्रिल लागला होता. ‘सिद्धलिंगप्पा’ नीट आलं, ‘चंद्रिका’ नीट आलं. माणसं मान वर करत होती, उठत होती, आत जात होती. बोर्डाकडं त्यापेक्षा जास्त कुणी पाहिलं नाही. बसू म्हणाला, “झ्याक झालं, मॅडम.”

“त्या दुधनीच्या आजी? निंगव्वा?”

“त्यांचं ऑपरेशन झालं की गेल्या आठवड्यात. आता तपासणी तिकडंच, अक्कलकोटच्या शिबिरात. हितं न्हाय येत त्या.”

काम संपलं होतं तरी ती बाकावर बसून राहिली. दोनला बाकं रिकामी झाली, बसूनं बोर्डाचा स्विच बंद केला आणि ती उठली.

रविवारी नागपूरहून भावाचा फोन आला. यशपाल दर रविवारी करतो, पाचेक मिनिटं. तिनं त्याला बाइटांपासून म्हातारीपर्यंत सगळं सांगितलं. आईच्या नावाचं तेवढं सांगितलं नाही.

“म्हणजे नावं पूर्ण दिसायला लागली,” तो म्हणाला. “एवढंच ना?”

“हो, एवढंच.”

पलीकडं कुणीतरी त्याला जेवायला बोलावत होतं. तिनं घाईनं पोरांच्या परीक्षेचं विचारलं, आणि तो सांगत होता तोवर फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिली.