विलासचं चर्च

विलास गेल्याचं मला पाळकसाहेबांनी फोनवर सांगितलं. मी आळेफाट्याला एका गॅरेजच्या बांधकामावर स्लॅबवर उभा होतो आणि खाली नाशिककडे जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न वाजत होते, त्यामुळे पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. नाशिकला साइटवरच छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "त्याला इकडंच आणतायत. त्याच्या चर्चमध्ये." चाळीस वर्षांपासूनचा मित्र गेल्याची बातमी अजून आत पोहोचायची होती, पण "त्याच्या चर्चमध्ये" हे शब्द मात्र लगेच पोहोचले. आपल्या चर्चमध्ये असं ते म्हणाले नाहीत. कुणीच म्हणत नाही. ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, माझं लग्न लागलं, तिचं चर्च आमच्या भागात विलासचं चर्च म्हणूनच ओळखलं जातं.

आम्ही दोघांनी बांधकामाचा डिप्लोमा एकत्र केला. त्याची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे तो जेवायला आमच्याकडेच असायचा. माझ्या आईला मावशी म्हणायचा आणि ती त्याच्या ताटात माझ्याआधी वाढायची. पाहुणा म्हणून वाढते, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावत होतो. पुढे मी ओतूर-आळेफाटा पट्ट्यात घरं, गाळे बांधू लागलो, तोही आसपासच कामं घेऊ लागला. नव्वदच्या दशकात मंडळीला रस्त्याकडेची थोडी जागा मिळाली. तोवर आमची उपासना शाळेच्या एका भाड्याच्या खोलीत भरायची, बसक्या छताची, दोनच खिडक्यांची खोली. आता स्वतःचं चर्च उभं राहणार म्हटल्यावर पाळकसाहेबांनी आम्हा दोघांनाही नकाशे काढायला सांगितले.

मी महिनाभर खपलो. उंच मनोरा, टोकदार कमानी, रंगीत काचा, मिशनच्या जुन्या दगडी चर्चसारखं सगळं. विलासने एक लांबट, बुटकी इमारत काढून आणली. विटांच्या जाळीच्या भिंती, छपराच्या लोखंडी कैच्यांवर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. मनोरा नाही, काचा नाहीत. कुणीतरी हसून म्हणालं, ही तर कांद्याची बराख दिसतेय. आमच्याकडे शेताच्या कडेला कांदा साठवायला बराखी असतात, चारी बाजूंनी फटी ठेवलेल्या. मला वाटलं, झालं, आता हा संपला. पण विलास शांतपणे म्हणाला, "हो, बराखच आहे. कांदा सडू नये म्हणून आपण वारा खेळता ठेवतो. मग माणसांनी का कोंडून बसायचं?"

पाळकसाहेबांनी हात वर करायला सांगितले. बायका एका बाजूला बसल्या होत्या आणि त्यांच्यात माझी आई होती. तिने विलासच्या नकाशाला हात वर केला. अर्धा नाही, चांगला सरळ... मी तिच्याकडे बघत होतो आणि तिलाही ते दिसत होतं. घरी आल्यावर मी विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझं लई देखणं व्हतं रं. पण तिथं मला हळू बोलावं लागलं असतं. ह्याच्यात घरच्यावानी बोलता यील." त्या दिवशी मी जेवलो नाही. ती जेव म्हणालीही नाही.

विलासचा नकाशा ठरला आणि माझी समजूत काढायची म्हणून लाकूडकाम मला दिलं. मी बाक केले आणि पाळकसाहेबांना उपदेशाला उभं राहायला एक पुलपीट केलं, सागवानी, कोरीव, चढायला पायऱ्या असलेलं. माझ्या मनोऱ्याची सगळी उंची मी त्या पुलपीटात घातली असणार. विलासने ते बघितलं आणि एवढंच म्हणाला, "उंच झालं का रे थोडं?" मी नाही म्हणालो. त्याने वाद घातला नाही. त्याने स्वतः वेदीसाठी डोंगराकडचा एक काळा दगड आणवला, वरची बाजू तेवढी घासून घेतली, कडा तशाच ठेवल्या. शाळेच्या त्या खोलीचं छप्पर उतरवलं तेव्हा दोन जुने वासे मागून घेतले आणि त्यांचा क्रूस केला. बाप्तिस्म्याच्या पाण्याला तांब्याचं घंगाळ. चर्च देवाला अर्पण करायच्या दिवशी सकाळचं ऊन जाळीतून आत आलं, फरशीवर, बायकांच्या पदरांवर तुकड्या-तुकड्यांनी सांडलं, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी सगळी मंडळी नुसती बघत बसली. मीही बघत होतो. एवढं चांगलं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. वर्षा-दोन वर्षांत पाळकसाहेब खाली उभं राहूनच बोलू लागले. इथं आवाज आपोआप पोचतो, म्हणाले. पुलपीट कोपऱ्यात गेलं आणि त्यावर गीतपुस्तकांचे गठ्ठे राहू लागले.

विलास पुढे नाशिकला गेला. चर्चची किल्ली माझ्याकडे असायची, कारण माझं घर जवळ. एकदा पुण्याहून आर्किटेक्चर कॉलेजची मुलं-मुली फोटो काढायला आली. मी दार उघडून दिलं. ती माझ्या बाकांवर बसून भिंतींची चित्रं काढत होती, आणि एक मुलगी तर भिंत नीट फोटोत यावी म्हणून माझ्या पुलपीटावर चढली. जाताना तिने विचारलं, काका, तुम्ही इथले कोण? मी म्हणालो, मी इथं जवळच राहतो.

आईला शेवटच्या वर्षांत दम्याने घेरलं. घरात तिला पडवत नसे, बसवत नसे. दुपारी ती मला चर्च उघडायला लावायची आणि जाळीलगतच्या बाकावर जाऊन बसायची. एकदा विलास तिला भेटायला नाशिकहून आला तेव्हा ती घरी नव्हतीच. आम्ही दोघे चर्चमध्ये गेलो. तो तिच्याशेजारी बसला, मी दाराशी उभा राहिलो. ती त्याचा हात धरून म्हणाली, "हितं मला दम लागत न्हाई बाबा." मी तिला डॉक्टरांकडे नेत होतो, औषधं आणत होतो, रात्र रात्र पाठ चोळत होतो... आणि तिला श्वास घ्यायला जागा करून दिली ती याने.

त्याला नाशिकच्या बसमध्ये बसवून द्यायला मी फाट्यावर गेलो. एका हॉटेलात चहा घेताना मी बऱ्याच वर्षांचा प्रश्न विचारला. तुला ती बराख सुचली कशी? त्याला वाटलं मला माहीतच असेल. तो म्हणाला, "मावशीकडं बघून, राव. शाळेच्या खोलीत ती दर रविवारी खिडकीशेजारची जागा धरायची. कुणी आधी बसलं असलं तर उभी राहायची, पण आत जायची न्हाई. कोंडल्यावर जीव घाबरायचा तिचा." माझा चहा तसाच राहिला. मी त्या खोलीत दर रविवारी होतो. आईच्या पुढच्याच रांगेत बसायचो, पाळकसाहेबांना दिसेल असा. त्याच्या चर्चचा हेवा मी कधीच गिळला असता. पण माझ्या आईकडे माझ्यापेक्षा नीट त्याने बघितलं होतं, हे मला आजही गिळता येत नाही. पुढच्याच हिवाळ्यात आई गेली. तिची शवपेटी विलासने आणि मी पुढून धरली होती.

विलासची पेटी त्याच काळ्या दगडासमोर ठेवली होती. नाशिकची माणसं जाळीवरून हात फिरवत होती. माझ्या मनात आलं, उद्या मलाही इथंच ठेवणार. माझ्या मयतालाही लोक त्याचाच उजेड बघत बसतील.

दफनाला काही आठवडे झाले आणि पाळकसाहेब माझ्याकडे आले. रस्त्यावरची वाहतूक वाढली आहे, धूळ फार येते, म्हाताऱ्यांना खोकला होतो, तेव्हा जाळीला आतून काचा लावून द्याल का, असं त्यांनी विचारलं. विलास असेपर्यंत त्यांनी हे कधी काढलं नव्हतं. मी टेप घेऊन गेलो. मापं घेतली. भिंत एकदाची माझ्या हातात आली होती, हवं ते करता येणार होतं. मग मी आई बसायची त्या बाकावर बसलो. वारा येत होता. बराच वेळ बसलो.

संध्याकाळी मी त्यांना नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, विलासची आठवण म्हणून ना? मी म्हणालो, तसं नाही. काचा लावल्या तर उद्या सगळे म्हणतील, विलासच्या वेळी इथं काय वारा होता. त्याला आणखी मोठं करायची माझी तयारी नाही. ते हसले. मी हसलो नाही, मी खरंच सांगत होतो. पण धुळीचं काय, त्यांनी विचारलं.

धूळ मी पुसतो. दर शनिवारी फडकं आणि पाण्याची बादली घेऊन जातो, एकेक बाक पुसतो, वेदीचा दगड पुसतो, घंगाळ चिंचेने घासतो, पुलपीटाच्या नक्षीत अडकलेली माती काडीने काढतो. काम संपेस्तोवर जाळीतून पुन्हा थोडी आलेलीच असते. विलासने हे बघितलं असतं तर तो तिथं दाराशी उभा राहून नुसता हसला असता... आणि मला ते मुळीच आवडलं नसतं.