फाट्यावरून परत फिरलेलं विमान

उस्तादांनी तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. लेकीचं शहर रस्त्याने चौदाशे किलोमीटर, दोन ड्रायव्हर आलटून पालटून बसले तरी एक दिवस आणि एक रात्र, हे त्यांना तोंडपाठ. त्यामुळे जावई फोनवर म्हणाला, "विमानाने अकराशेच, दोन तासांत पोचाल," तेव्हा त्यांना ते पटेना.

"मधले तीनशे कुणी खाल्ले?" त्यांनी विचारलं.

वर घाट नाहीत, वळणं नाहीत, सरळ जायचं, असं जावयाने समजावलं. उस्ताद नुसतेच हं म्हणाले.

पण इलाज नव्हता. लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन अचानक दुसऱ्या दिवशी दुपारी ठरलं होतं. "बाबा, आत नेण्याआधी मला तुम्ही दिसायला हवेत," एवढंच ती म्हणाली होती. बसने ते काही जमणारं नव्हतं. ऑपरेशन नीट पार पडलं, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण विमानात बसलेल्या उस्तादांना हे कोण सांगणार?

विमान सुटल्यापासून ते उजव्या पायाने ब्रेक दाबत बसले होते. समोरच्या सीटच्या पाठीवर पडदा होता, त्यावर उरलेलं अंतर दिसत होतं. चारशे, दोनशे, साठ. पायलटला त्यांनी मनातल्या मनात शाबासकीसुद्धा दिली. आणि मग साठाचे सत्तर झाले, सत्तराचे नव्वद.

उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. "चुकला," ते शेजारच्या बाईंना म्हणाले. "फाटा मागे राहिला. आता गाडी परत फिरवतोय." आता त्या बाईही घाबरल्या आणि त्यांनी हवाईसुंदरीला बोलावलं.

"काही चुकलेलं नाही, काका. धावपट्टीसाठी रांग आहे. आपला नंबर लागेपर्यंत वरच घिरट्या घालायच्या."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही."

"मग जरा मध्ये घुसवायला सांगा की त्यांना."

बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले. रेल्वेच्या बंद फाटकापाशी बस उभी केली की मागून हेच वाक्य यायचं. असल्या माणसांना त्यांनी तीस वर्षं मनातून शिव्या हासडल्या होत्या. त्यातलं कुणी आजारी माणसाकडे निघालेलं असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "सावकाश उतरवा म्हणावं."

चाकं जमिनीला टेकली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे टॅक्सीवाल्याला मात्र त्यांनी एकदाही सावकाश म्हटलं नाही.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा लेकीचं स्ट्रेचर लिफ्टच्या दारात होतं.

"आलात," ती हसली. "भीती नाही ना वाटली विमानात?"

घाट, धुकं, फुटलेले टायर, काय काय झालं इतक्या वर्षांत, पण भीती वाटल्याचं उस्ताद घरी कधी बोलले नव्हते.

"वाटली गं," ते म्हणाले. "खूप वाटली."

"मलाही वाटतेय, बाबा," ती म्हणाली. सकाळपासून तिने हे नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. मग ती मोकळेपणाने रडली आणि उस्ताद तिचं डोकं थोपटत राहिले. वॉर्डबॉय लिफ्टचं बटण दाबून थांबला. शेवटी डोळे पुसून तीच त्याला म्हणाली, "चला."