आतला खिसा

त्यांना सगळे हातोहात म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. एकवीस वर्षं पोस्टमन होते. ज्याचं पत्र त्याच्याच हातात द्यायचं, दाराच्या फटीतून सरकवून पळायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यांची बायको म्हणायची, "गावाला हातोहात देतील, पण घरात स्वतःचा चष्मा सापडेल तर शपथ!"

मी त्याच पोस्टात सॉर्टिंगच्या टेबलावर होते. टपाल भागांप्रमाणे लावायचं, फाटलेल्या पिशव्या दाभणाने शिवायच्या आणि पोस्टमास्तरांची रडगाणी ऐकायची. एकदा हातोहात माझ्यासमोर हताश होऊन बसले. एका सुनेला आईची पत्रं येत आणि सासू ती फोडून, वाचून, चुलीत घालत असे. "बाई, पत्र पोचवलं म्हणायचं की जाळलं म्हणायचं?" मी त्यांची पिशवी ओढून घेतली आणि अस्तराच्या आत जाड दोऱ्याने एक खिसा शिवून दिला. म्हटलं, "असली पत्रं इथे ठेवा. ती एकटी भेटेल तेव्हा द्या."

महिन्याभरात बाकीचे चारही पोस्टमन पिशव्या घेऊन माझ्यापुढे उभे. प्रत्येक आळीत असं एखादं घर असतंच. नापास झालेल्या मुलांचे निकाल, विधवेला भावाने लिहिलेली पत्रं, सगळं त्या खिशांतून गेलं. नियमात हे बसत नव्हतं. पोस्टमास्तरांना ठाऊक होतं, पण ते चहात बिस्कीट बुडवत आणि मान दुसरीकडे वळवत.

आमच्या मोठ्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान आणि छापखाना यांची भिंत एकच होती. छापखानेवाल्यांनी पाटी लावली, ती चष्मेवाल्यांच्या पाटीवर वीतभर आली, आणि त्या वीतभर पत्र्यावरून दोन घरं अठरा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. चष्मेवाल्यांची धाकटी मुलगी आणि छापखानेवाल्यांचा मुलगा मात्र एकमेकांचं तोंड बघत होते, आणि भरपूर बघत होते. मुलाला बापाने दूरच्या शहरात नोकरीला धाडलं. मग त्याची पत्रं येऊ लागली आणि आतल्या खिशात जाऊ लागली. सकाळी दुकानाचं शटर उघडायला मुलगी एकटी येई, तेव्हा हातोहात ती देत. बोलत काही नसत. फक्त एकदा मला म्हणाले, "पोरगी पत्र घेताना दोन्ही हात पुढे करते हो."

त्या शुक्रवारी पत्र आलं, पण शटर उघडायला चष्मेवाले स्वतः आले. मुलीचं लग्न दुसरीकडे ठरवलं होतं आणि तिला वरच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. हातोहात तेव्हा नुसते उभे राहिले.

"काही आहे का आमचं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"नाही," हातोहात म्हणाले.

शनिवारीही तेच. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, दोन दिवस झाले. वडिलांच्या हातात देऊन टाकू का?"

"डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं. "मारतील तिला. सोमवारी द्या. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

पत्रात काय होतं तेही नंतरच कळलं. लिहिलं होतं, की रविवारी दुपारी मी स्टँडवर येतो, तू आली नाहीस तर तू त्या लग्नाला हो म्हणालीस असं समजेन. मुलगा आला. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. सोमवारी सकाळी तो कालव्यात सापडला.

पोस्टात बातमी आली तेव्हा पत्र अजून खिशात होतं. मी दार लावलं आणि म्हटलं, "जाळा ते. पत्र आलंच नाही म्हणायचं."

हातोहातांनी ते बाहेर काढलं. "पत्र माझं नाही, बाई. मी कसं जाळू?" आणि सरळ जाऊन पोस्टमास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

पोस्टमास्तर घाबरले. घाबरलेल्या माणसाला नियम आठवतात. दुपारी त्यांनी दुसऱ्या पोस्टमनबरोबर ते पत्र रीतसर, चष्मेवाल्यांच्या पत्त्यावर, बापाच्या हातात पोचवलं. बापाने फोडलं, वर जाऊन मुलीला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बघ, सुटलीस." हे त्यांच्याच मोलकरणीने मला सांगितलं. मंगळवारी सकाळी वरच्या खोलीला आतून कडी होती, दार फोडावं लागलं.

मी आजही विचारते, त्या पाटीचं नाव कोणी का घेत नाही? खोलीला कुलूप कोणी लावलं? ते पत्र वाचून कोणी दाखवलं? पण दोन घरांत दोन प्रेतं असताना बापांना कोण बोलणार? बोलायला कोणीतरी हवंच होतं, आणि हातोहात आयते सापडले. आठवड्याच्या आत त्यांच्याविरुद्ध अर्ज झाला. छापखानेवाल्यांनी तो स्वतः छापला, चांगल्या जाड कागदावर. खाली दोन्ही बापांच्या सह्या शेजारी शेजारी होत्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

चौकशीला वरून साहेब आले. त्या दिवशी सकाळी बाकी चौघांनी माझ्याच कात्रीने आपापले खिसे उसवले आणि दोरे कचऱ्यात टाकले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. साहेबांनी एकेकाला विचारलं, पत्रं मागे ठेवायची पद्धत आहे का या पोस्टात? चौघेही नाही म्हणाले. मग हातोहातांची पिशवी उलटी करून माझ्यापुढे धरली.

"हा खिसा कोणी शिवला?"

माझा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. घर माझ्या नोकरीवर चालत होतं. ही सबब नाही. किंवा असेल, तर सबबच आहे.

"मला माहीत नाही, साहेब," मी म्हटलं. "त्यांचा त्यांनीच शिवला असेल."

हातोहात समोरच्या बाकावर बसले होते. त्यांना शर्टाचं तुटलेलं बटणही शिवता येत नसे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "हो, साहेब," म्हणाले. "मीच शिवला."

नोकरी गेली, पेन्शन गेली. रस्त्यात लोक त्यांच्याकडे बोट दाखवत. बायको दोन वर्षांत गेली. पुढे शाळेत शिपायाची जागा मिळाली, आणि वय झाल्यावरही शाळेने त्यांना ठेवून घेतलं. मी निवृत्त झाले, निरोपसमारंभात मला शाल आणि नारळ मिळाला. दोन दुकानांमधली भिंत पडली. आता तिथे एकच लांबलचक पाटी आहे.

दोन्ही बापांनी मुलांच्या स्मरणार्थ शाळेला एक चषक दिला. दहावीला एक जुनं नाटक आहे, त्यातही दोन वैरी घराणी, दोन प्रेमी आणि वेळेवर न पोचलेलं पत्र. दरवर्षी त्यावर वादविवाद होतो: दोघांच्या मृत्यूला जबाबदार कोण? बक्षीस द्यायला दोन्ही म्हातारे येतात. खुर्च्या हातोहात मांडतात.

यंदा माझी नात स्पर्धेत होती. तयारी करताना तिने विचारलं होतं, "आजी, तू तर पोस्टात होतीस. चूक पत्र नेणाऱ्याचीच ना?"

मी भाजी निवडत होते. "तुला वाटेल ते बोल," म्हटलं.

ती बोलली. घराणी भांडतातच, तरुण उतावळे असतातच, पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच कुचराई केली, तोच खरा गुन्हेगार! हात उंचावून, एकदाही न अडखळता. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. दोन्ही म्हातारे मान डोलवत होते. चषक तिला मिळाला.

मला खुर्चीत बसवेना. मागच्या रांगेत हातोहात खुर्च्या मिटवत होते. सत्तरी उलटली तरी उभे तसेच ताठ.

"छान बोलते पोरगी," ते म्हणाले. "तुमच्यावर गेलीय. तुम्हीही त्या दिवशी अडखळला नव्हतात."

माझे डोळे भरून आले. "मी सांगते," मी म्हटलं. "आत्ता सांगते सगळ्यांना. खिसा माझा होता, सोमवारी द्या मीच म्हटलं होतं. माइक अजून चालू आहे."

त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीतरी मागणं दिसलं.

"सांगा की," ते म्हणाले. "मी थांबतो."

मी व्यासपीठाकडे निघाले. तिथे फोटो काढणं चाललं होतं. दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये चषक घेऊन माझी नात उभी होती, लालबुंद, हसत. तिने मला पाहिलं आणि ओरडली, "आजी, ये ना! फोटोत ये!" चष्मेवाले सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली.

मी उभी राहिले.

फोटो छान आलाय. आमच्या बाहेरच्या खोलीत लावलाय. मागे कोपऱ्यात हातोहात दिसतात, दोन्ही हात मोकळे, अजून थांबलेले.