सरूमावशीच्या दोरीवरच्या किल्ल्या

लोकसंख्या हा लोकशाहीचा पाया असतो. शेवगाव तालुक्यातल्या ज्या वस्तीवर मी शिक्षक होतो, तिथला हा पाया दसरा झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऊसतोडीला जायचा आणि पाडव्याच्या सुमारास परत यायचा. मधल्या काळात थोडी म्हातारी माणसं, शेळ्या आणि सरूमावशी एवढंच मागे उरायचं.

जाणारं प्रत्येक घर आपली किल्ली मावशीकडे ठेवायचं. त्या सगळ्या एका दोरीत ओवून ती कमरेला बांधायची. ओळख पटावी म्हणून प्रत्येक किल्लीला त्या घरातल्या लुगड्याची चिंधी. पहिल्या दिवशी मी तिला शाळा कुठे आहे ते विचारलं.

"कोनाचा तू?"

मी बदलीचा आदेश दाखवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. "ह्ये सायबाचं झालं. तू कोनाचा?"

शाळा माझ्या पाठीमागेच होती, हे तिनं पाणी पाजल्यावर सांगितलं.

तिच्या संशयात पक्षपात नव्हता. लस द्यायला येणारी नर्स, भांडीवाला, पाहुणा जावई, सगळ्यांना तोच प्रश्न. पण तिचा खरा राग शेजारच्या थोरल्या गावावर. वस्ती त्यांच्याच ग्रामपंचायतीत मोडायची, म्हणून पाण्याचा टँकर आधी तिथं थांबायचा आणि वस्तीवर तळ खडखडवत यायचा. वस्तीनं वेगळी ग्रामपंचायत मागितली होती. माणसं पुरेशी भरली तर हद्द बदलणार होती. आणि पाहणीला तालुक्याचे साहेब आले ते ऐन पौषात.

"पाडव्याला यायला पाय मोडलं हुतं का?" मावशी मला म्हणाली. थोरल्या गावानंच हा मुहूर्त काढून दिला, याबद्दल तिला शंका नव्हती. तिनं सकाळीच सगळी कुलपं काढली, दारं उघडी टाकली आणि घरोघर चूल पेटवली. साहेब आत डोकावत गेले. धूर होता, माणूस नव्हतं.

"मावशी, इथं कोणी राहत नाही."

"ऱ्हात्यात. सध्या न्हाईत."

"निम्मं वर्ष बाहेर म्हणजे राहणं कसलं?"

"तू दिवसभर हापिसात आसतोस. मंग तुजं घर कोनाचं?"

साहेब हसले. मावशी हसली नाही. तिनं त्यांना एका घरात नेऊन कोपऱ्यातलं दगडी जातं दाखवलं. "कोयता घिऊन जात्यात. जातं ठिवून जात्यात. आता तूच सांग, मानूस कुटलं?"

साहेबांनी जात्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पाडव्यानंतर पुन्हा येतो म्हणाले. "न्हाई यायचं त्ये," मावशी म्हणाली. ते आले. तेव्हा तिला दुसरी शंका आली, "कशापायी आलं आसंल?"

वस्ती माणसांनी भरलेली होती. हद्द बदलली. फीत कापली गेली, भाषणांत नवं पर्व उगवलं. मावशीनं नवा फलक हलवून पाहिला. सरपंच झाली तिचीच सून, कांता.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघताना मी खोलीची किल्ली मावशीकडे दिली.

"परत येनार हायेस?"

"नाही."

"मंग घरमालकाला दे की. माज्याकडं येनाऱ्यांच्या किल्ल्या आसत्यात."

दिवाळीनंतर सहज भेटायला गेलो. भरलेला टँकर थेट वस्तीवर उभा होता. मावशीच्या दोरीवर एक नवी किल्ली दिसली, हिरव्या चिंधीची.

"ही कोणाची?"

"पंचायतीची."

टँकरवाल्याला पोच म्हणून सरपंचाची सही हवी होती. सरपंच कोपरगावकडे ऊस तोडत होती.