मामाच्या गाडीतली बायको

माझ्या मामाला दोन आवाज आहेत. घरातला आवाज लहानसा, मीठ मागण्यापुरता. दुसरा माइकचा. तो नाकातून निघतो, पोटात उतरतो आणि वाक्याच्या शेवटी एकदम चढ चढतो. ‘मंडळी, उजवीकडे पाहा. डावीकडच्यांनी रुसू नये, परतताना समुद्र तुमच्या बाजूला येणार आहे.’ हे मला हुबेहूब जमतं, फक्त शेवटच्या चढाला मला दम लागतो आणि मामाला लागत नाही.

मामा पर्यटकांच्या गाडीवर गाइड आहे. सकाळी बंदराच्या चौकातून निघायचं, दिवसभर शहर दाखवायचं आणि संध्याकाळी सगळ्यांना त्याच चौकात आणून सोडायचं. शहर असं की पुढच्या घराची गच्ची आपल्या पायाखाली आणि मागच्या घराचं अंगण आपल्या डोक्यावर. गाडी सगळा वेळ एकतर चढत असते नाहीतर उतरताना आपल्याला पुढच्या सीटला टेकवत असते. अशा गाडीत लोकांना जागं ठेवायचं तर नुसता इतिहास पुरत नाही. म्हणून मामानं गाडीत एक बायको ठेवली आहे.

म्हणजे गोष्टीतली. प्रत्येक ठिकाणाला तिची एक गोष्ट. उभ्या उताराच्या रस्त्यावर तो सांगतो की इथं कठडा का आहे, तर माझी बायको एकदा भाजीची पिशवी घेऊन घसरली आणि खालच्या तीन दुकानांची दारं घेऊन गेली. तिला काही झालं नाही. ती उठली आणि तिनं दुकानदारांनाच झापलं, दारं मध्ये कशाला लावता म्हणून. लाइटहाउसपाशी सांगतो की एका रात्री वरचा दिवा गेला, तेव्हा बायकोला गॅलरीत उभं केलं आणि मला जेवायला हाक मारायला सांगितलं. पहाटेपर्यंत सगळी जहाजं धक्क्याला लागली. त्यातली दोन तर दुसऱ्याच बंदराची होती. आणि वरच्या वळणावर, जिथं बघायला एका कोऱ्या भिंतीशिवाय काही नाही, तिथं गाडी मुद्दाम थांबते. ‘इथं मी तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, आधी त्या भिंतीकडे तोंड करून नीट विचार करा. ज्यांचं लग्न व्हायचंय त्यांनी भिंत बघून घ्या.’ मग गाडी हलते, अगदी हशाच्या तालावर, कारण ड्रायव्हर मुरलेला आहे. मामा त्याला सारथी म्हणतो.

मागच्या सुट्टीत मी रोज त्या गाडीत बसत होते, म्हणून मला हे सगळं तोंडपाठ. मामीला यातला एक शब्दही माहीत नव्हता.

आता खरी मामी कशी ते सांगते. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर बसते, दिव्याखाली, आणि मोडलेल्या फ्रेमी दुरुस्त करते. राईएवढे स्क्रू ती ओठांत धरते. त्यामुळे दिवसभर तोंड उघडता येत नाही, आणि संध्याकाळी स्क्रू काढले तरी तिच्या ते लक्षात राहत नसावं. ती घसरली तर दार जाणार नाही, फार तर दाराला ‘माफ करा’ म्हणेल. तिची नक्कल करायला मी खूप धडपडले. करणार कशाची?

या सुट्टीत आई पण आली. आई मामाची थोरली बहीण, पन्नाशीच्या माणसाला अजून बाळ्या म्हणते. मामीचं दुकान रंगकामासाठी बंद आहे हे तिला आल्या आल्या कळलं आणि तिनं परस्पर आम्हा तिघींची तिकिटं काढून आणली. इतकी वर्षं संसार केला आणि नवऱ्याची गाडी आतून पाहिली नाही म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. घरातल्या आवाजात त्यानं धुकं असेल म्हणून पाहिलं, वारा असेल म्हणून पाहिलं, शेवटी हिला गाडी लागते म्हणाला. ‘मला गाडी लागत नाही,’ मामी म्हणाली. एवढ्या एका वाक्यात निकाल लागला.

जेवणं झाल्यावर मामानं मला भांडी घासताना गाठलं. म्हणाला, उद्या गाडीत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, नक्कल तर मुळीच नाही. मामीला कळलं तर तिला वाटेल की मी इतकी वर्षं परक्यांसमोर तिची टिंगल करतोय.

‘करतोसच की,’ मी म्हटलं.

‘अगं, ती ही नव्हे,’ मामा म्हणाला. ‘ती गाडीतली आहे.’ हे बोलताना त्याचा चेहरा असा झाला होता की मला हसूही येईना. तो खरंच घाबरला होता. मामी भांडत नाही हीच तर पंचाईत. भांडणाऱ्या माणसाची समजूत तरी काढता येते. मामी नुसती स्क्रू ओठांत धरून बसली असती, महिनोन्‌महिने.

सकाळी आम्ही अगदी पहिल्या सीटवर. आईनं मामीला खिडकी दिली आणि मामाला सांगितलं, बाळ्या, नीट मोठ्यानं बोल. मामानं सारथ्याच्या कानात काहीतरी पुटपुटून घेतलं, त्यानं मान डोलावली आणि टूर निघाली.

बायको नसलेली ती टूर मी जन्मात विसरणार नाही. मामानं बंदराची खोली सांगितली. वखारी कोणत्या साली बांधल्या ते सांगितलं. समुद्राच्या पाण्यातलं मिठाचं प्रमाण सांगितलं. उभ्या उतारावर तो म्हणाला, ‘इथं कठडा आहे,’ आणि थांबला. गाडीत दुर्बीण गळ्यात घातलेले एक गृहस्थ होते, त्यांनी मान कलती केली आणि घोरायला लागले. घोरणं कोरडं, मध्येच शिट्टी असलेलं. मामी मात्र खिडकीला नाक लावून बसली होती. तिच्याच शहरातले रस्ते, पण ती जणू परदेशी आली होती. एकदा तर तिनं माझा हात धरून खालचं काहीतरी दाखवलं. गच्च्यांवरच्या टाक्या होत्या.

मग वरचं वळण आलं, आणि गाडी थांबली.

सारथी नंतर म्हणाला की थांबू नको हे माझ्या डोक्याला सांगितलं होतं, पायाला कुणी सांगितलं नाही. पण तेव्हा आम्ही सगळे त्या कोऱ्या भिंतीसमोर उभे. दुर्बीणवाले जागे झाले आणि त्यांनी दुर्बीण लावली. मागं कुणीतरी फोटो काढला. सगळी गाडी मामाकडे पाहत होती.

‘ही भिंत आहे,’ मामा माइकमध्ये म्हणाला.

‘दगडी आहे,’ तो म्हणाला. दुर्बीणवाल्यांनी विचारलं की कुणी बांधली. मामा म्हणाला, नगरपालिकेनं. मग त्यांनी मान हलवली, जणू हेच त्यांना वाटलं होतं. सारथ्याला एव्हाना चूक कळली होती, त्यानं असा काही गिअर टाकला की भिंतच घाबरून मागं सरकल्यासारखी वाटली. मामी मान वळवून ती भिंत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. नवरा म्हणतोय तर असेल काहीतरी तिच्यात.

मामाचा जीव भांड्यात पडला. पण लाइटहाउसखाली एक बाई शेगडीवर मक्याची कणसं भाजते. तिला कुणी बजावलं नव्हतं. तिचा आवाज कोळसे चाळल्यासारखा, आणि बोलणं म्हणजे एका श्वासात सगळं. रोजच्यासारखं तिनं मामाच्या हातात कणीस ठेवलं आणि म्हणाली, घ्या, घरून उपाशीच धाडलं असेल आजपण. आणि शेजारी उभ्या मामीला, नवी पर्यटक समजून, सांगायला लागली की अहो यांची बायको म्हणजे काय सांगू. मामानं डोळे मोठे केले, खाकरला, आईला हाक मारली. कणीसवाली थांबेल तर शपथ. दिवा जाण्यापासून दुसऱ्या बंदरातल्या जहाजांपर्यंत तिनं सगळं सांगितलं, तेही मामाच्या माइकच्या आवाजात. मला जरा मत्सर वाटला. शेवटचा चढ तिला जमत होता.

मामीनं कणीस खाता खाता विचारलं, ‘आणखी काय करते ती?’

मग उतार झाला, दारं झाली, भिंत झाली. मामा तसाच उभा, हातातलं कणीस गार होत चाललेलं. शेवटी कणीसवालीनं उसासा टाकला, बिचाऱ्या माणसाच्या वाट्याला कशी आली म्हणून, आणि विचारलं की एवढी चौकशी करताय, तुम्ही कोण यांच्या.

‘तीच,’ मामी म्हणाली.

कणीसवालीनं शेगडीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि मामीला आणखी एक कणीस दिलं. दुसरं ती करणार तरी काय.

गाडीत आल्यावर आईनं तोंडाचा पट्टा सोडला. बाळ्या तुला लाज कशी वाटत नाही, सोन्यासारखी बायको, आपल्या घरात असले संस्कार नाहीत, वगैरे. आईचा राग वर वर पातळ होत जातो, शेवटी फक्त कुत्र्यांना ऐकू यावा इतका. मामी खिडकीबाहेर बघत होती. मामा माइक खाली ठेवून तिच्या सीटपाशी उकिडवा बसला आणि घरातल्या आवाजात म्हणाला की आजपासून बंद, पुन्हा कधी सांगणार नाही.

मामीनं खिडकीकडची मान वळवली. मग म्हणाली, ‘म्हणजे ती इतकी वर्षं रोज तुमच्याबरोबर हिंडतेय. लाइटहाउस काय, समुद्र काय. मी आज पहिल्यांदा आले.’

हे मामाच्या कधी मनातच आलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

‘बरंच बोलते ती,’ मामी म्हणाली.

‘हो.’

‘आवडते तुम्हाला?’

मामानं खोटं बोलायचं टाळलं, हे मला फार आवडलं. ‘गाडीत बरी वाटते,’ तो म्हणाला. ‘घरी नको.’

मामीनं हे नीट ऐकून घेतलं. फ्रेमची काडी उजेडात धरून सरळ झाली का बघावं तशी ती त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘मग आज तिला का नाही आणलंत? सगळी गाडी झोपलीय.’

मामा उठला. माइक हातात घेतला, दोनदा फुंकला. टेकडीवरच्या बागेपाशी त्यानं सुरुवात केली ती अशी चाचरत, की पहिल्याच दिवशी कामावर आलाय असं वाटावं. माझ्या बायकोनं या बागेतल्या माळ्याला एकदा गुलाबाची काटछाट शिकवली, तेव्हापासून इथले गुलाब काटे मिटून घेतात. प्रत्येक वाक्यानंतर तो मामीकडे बघे. मागून कुणीतरी हसलं. दुर्बीणवाले सरसावून बसले. मामी हसली नाही, मान कलती करून ऐकत होती. दोन ठिकाणं झाल्यावर ती हळूच म्हणाली की दुकानाची दारं तीन नकोत, दोन पुरेत, तिसरं खोटं वाटतं. मामानं तिथंच मान डोलावली.

परतताना समुद्र डाव्या बाजूला आला तेव्हा दुर्बीणवाल्यांना राहवलं नाही. आई आता ज्याला त्याला सांगत सुटली होती की हीच ती, त्यामुळे सगळ्या गाडीला माहीत होतं. ते मामीपाशी वाकून फार अदबीनं म्हणाले की बाई, राग मानू नका, पण यातलं खरं किती.

मामी म्हणाली, ‘ते कमी करूनच सांगतात.’

असा हशा पिकला की सारथ्यानं गाडी बाजूला घेतली. पण सगळ्यात जास्त हसला तो मामा. माइक चालूच, आणि त्याचं हसणं सगळ्या स्पीकरांतून, हॅ हॅ आणि मग श्वास ओढल्याचा हुंऽऽ. गाडी पुन्हा निघाली तरी तो हसतच होता, आणि मासळीचा धक्का, जुनी वखार, नाक्यावरचं घड्याळ, सगळं न सांगताच मागं गेलं. कुणाला काही कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. उतरताना लोकांनी मामाचे आभार मानले आणि हात मामीचा हातात घेतला.

चौकापासून घर म्हणजे चढच चढ. आई आणि मी मागं धापा टाकत, ती दोघं पुढं. हा रस्ता टूरमध्ये येत नाही, इथं गाडीच चढत नाही. बेकरीच्या कोपऱ्यावर मामी थांबली आणि म्हणाली, ‘इथं मी काय केलं?’

मामानं जरा डोकं खाजवलं. मग म्हणाला की इथं तू बेकरीवाल्याला पाव परत दिलास, म्हणालीस हा कालचा आहे, आणि तो म्हणाला बाई, तो अजून भट्टीतून यायचाय. मामीनं मान हलवली आणि पुढं जोड दिली की मग मी भट्टीच परत पाठवली. शिंप्याच्या बंद शटरपाशी पुन्हा तेच, इथं काय केलं. पाण्याच्या नळापाशी पुन्हा. प्रत्येक ठिकाणी मामा नवं काहीतरी रचत होता, माइकच्या आवाजात नाही की घरातल्या आवाजात नाही, तिसऱ्याच. तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मामी त्यात एखादा शब्द बसवायची, बारीक स्क्रू बसवावा तसा, आणि दोघं पुढं निघायची. आईनं मला विचारलं की ही दोघं दर दारापाशी थांबणार आहेत का. मी म्हटलं, थांबू दे.

शेवटी घराचं दार आलं. मामी पिशवीत किल्ली शोधत होती. शोधता शोधता, वर न बघता तिनं विचारलं, ‘आणि इथं?’

मामानं दाराकडे पाहिलं.

‘इथं तू राहतेस,’ तो म्हणाला.

‘मग राहू दे आणि दार उघड,’ मागून आई म्हणाली, ‘माझे गुडघे गेलेत.’