वाक्य कापण्याआधी

प्रमिलाताई वैरागडे यांची आणि माझी पहिली भेट रामदासपेठेतल्या त्यांच्या कार्यालयात झाली. एका दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्या होत्या. मी नुकताच पदवीधर झालो होतो आणि आपल्याला लिहिता येते, अशी माझी समजूत होती. ताईंनी एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाची प्रेसनोट लिहायला दिली. मी ‘भव्य’, ‘दिमाखदार’, ‘अभूतपूर्व’ असे शब्द वापरून ती अर्ध्या तासात पुढे ठेवली.

“दुकान पाहिलंस?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“मग भव्य आहे हे कुणी सांगितलं?”

त्यांनी मला दुकानात पाठवले. दुकान बऱ्यापैकी होते, भव्य नव्हते. तिथल्या मुख्य सुताराशी बोलून मी नवी नोट लिहिली आणि त्याच्या तोंडी एक छानसे वाक्य घातले. ताईंनी त्याला फोन लावून ते वाचून दाखवले. पलीकडून हसण्याचा आवाज आला. “ताई, मी असा बोलतो का? माही बायको वाचन तर म्हणन, हा कोण नवीन माणूस!” ते वाक्य गेले. मला नोकरी मिळाली.

ताईंच्या कार्यालयाचा हा नियम तेव्हापासून मला माहीत आहे. ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ते आधी ऐकवायचे. त्याला एक पुरवणीही होती. कुणाचे वाक्य गाळायचे असेल, तर ज्याला ते नको आहे त्यानेच ज्याचे ते आहे त्याला थेट सांगायचे. मध्यस्थाने निरोप द्यायचा नाही. जनसंपर्काच्या व्यवसायात हा नियम गैरसोयीचाच आहे. त्यापायी काही ग्राहक आमच्याकडे टिकले नाहीत.

प्रेसनोटच्या काळात या नियमाची फारशी कसोटी लागत नसे. आम्ही लिहीत असू, वर्तमानपत्र छापत असे, वाचणारा वाचून घडी घालून ठेवत असे. त्याला काय वाटले, हे आम्हाला कळत नसे. खरे सांगायचे तर आम्हाला ते कळून घ्यायचेही नसे. मग कंपन्यांचे ब्लॉग आले, त्यामागून पॉडकास्ट आले. समवयस्क निवृत्त होत असताना ताईंनी एक मायक्रोफोन आणला आणि आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या. “इतकी वर्षं आपण बोलत होतो,” त्या म्हणाल्या, “आता लोक खाली उत्तर लिहितात. ऐकायची सवय करावी लागेल.” त्यांचे नेमके शब्द हेच होते याची खात्री नाही. माझ्या रोजनिशीत त्या दिवशी फक्त गोधड्यांची नोंद आहे.

माझे वडील पारशिवनीला असतात आणि त्यांना कमी ऐकू येते. मी आमच्या पॉडकास्टचा एक भाग त्यांना अभिमानाने लावून दिला, तेव्हा फोन कानाला लावून ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “तू बोलून राह्यला अन् मले काईच ऐकू येत नाही. असा कसा तुहा धंदा गा?” मी हा किस्सा कार्यालयात गंमत म्हणून सांगितला. ताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कानाला हेडफोन लावून त्या भागातला शब्द न् शब्द लिहून काढला आणि ब्लॉगवर टाकला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक भागाखाली संपूर्ण मजकूर असतो. वडील आता तो वाचतात आणि चुका काढतात.

ज्या प्रसंगासाठी मी ताईंच्या गौरवग्रंथातला हा लेख लिहायला घेतला, तो कूलरचा आहे. नागपुरातच कूलर बनवणारी एक कंपनी ताईंची जुनी ग्राहक होती. जुन्या मालकांच्या काळापासूनचे संबंध. आता त्यांचा मुलगा रोहित कारभार पाहत होता. कंपनीचा ब्लॉग मी लिहीत असे आणि तिचा पॉडकास्टही आम्हीच करत असू. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलण्याचे दिवस जवळ आले होते, म्हणून कूलर कसा साफ करावा यावर मी चार परिच्छेद लिहिले. खाली हुडकेश्वरच्या सविताबाईंची प्रतिक्रिया आली. त्या घरी डबे करून देतात. टाकीत पाणी भरताना त्यांच्या सासूबाईंना पंपातून करंट लागला होता, हात कूलरला चिकटला होता; सविताबाईंनी धावत जाऊन प्लग ओढला म्हणून त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी प्रतिक्रिया दिसेनाशी झाली. रोहितने ती परस्पर काढली होती. संध्याकाळी पुन्हा आली, या वेळी एका ओळीत : “काहून मिटवली?”

ताईंनी सविताबाईंना कूलर विकणाऱ्या दुकानदाराकडून नंबर मिळवला आणि माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. आधी सासूबाईंची चौकशी केली. मग म्हणाल्या, “सविताताई, पंप उद्याच बदलून देतो. हवं तर कूलरही नवा देऊ. तेवढी ती कमेंट काढून टाकाल का?”

“मले पंप भेटन ताई. बाकीच्यायचं काय? दुकानवाला म्हणते, एकाच खेपेचे पंप किती जणायच्या घरी गेले. त्यायच्या घरी बी म्हाताऱ्या हायेत.”

ताईंनी फोन जवळ ओढला. मग त्यांनी विचारले, “हेच तुम्ही इथे येऊन बोलाल? तुमच्या आवाजात?”

“तुम्ही त्यायचेच माणूस हाव ना? मंग कापसान.”

“कापण्याआधी तुम्हाला विचारू.”

सविताबाई आल्या. पंखा बंद करून, गोधड्यांच्या खोलीत घामाघूम होत त्यांनी सगळे सांगितले. भाग तयार झाल्यावर ताईंनी तो नियमाप्रमाणे आधी त्यांना ऐकवला. त्यांनी फक्त दुकानदाराचे नाव काढायला सांगितले, कारण त्याची चूक नव्हती. मग भाग रोहितकडे गेला. तासाभरात तो स्वतः कार्यालयात हजर झाला.

“ताई, हे नाही चालणार. सीझन तोंडावर आहे. डीलर लोक आधीच टेन्शनमध्ये आहेत.”

“पंप खराब आहेत का?”

“एका खेपेत इन्सुलेशनची गडबड आहे. आपण गुपचूप बदलून राहिलो ना.”

“फक्त जो तक्रार करतो त्याचा.”

“तुम्ही आपल्या बाजूनं आहात की नाही?”

“तुझ्याच बाजूनं आहे. तुझ्या बाबांनाही हेच सांगितलं असतं.”

“बाबांच्या टाइमाला लोक कमेंट नव्हते टाकत ना, ताई!”

हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ताईंनीही ते खोडले नाही. त्यांनी एवढेच सांगितले की भाग कंपनीचा आहे, तो थांबवण्याचा अधिकार त्याला आहे. मात्र वाक्य सविताबाईंचे आहे, तेव्हा नको असेल तर त्याने त्यांना समोर सांगावे. मला तेव्हा धाकधूक होती. रोहितने सविताबाईंना समोर ‘नको’ म्हटले असते, तर ताईंनी भाग थांबवला असता, कारण नियम त्यालाही लागू होता. आणि उन्हाळा तर येतच होता.

सविताबाई दुसऱ्या दिवशी डबे पोहोचवून आल्या. रोहित समोर बसला. त्याने तयारी केली असावी.

“सविताताई, कसं आहे, हा प्रकार एखाद्याच पीसमध्ये होतो.”

“तो एखादा माह्याच घरी काहून निघाला मंग?”

“तसं नाही. आता सीझन सुरू होऊन राहिला...”

“सीझन तुमचा हाय साहेब. कूलर माह्या घरात हाय.”

रोहित मायक्रोफोनच्या वायरशी चाळा करत राहिला. मग त्याने विचारले, “आजी कशा आहेत?”

“बऱ्या हायेत. पण कूलरजवळ जात नाही. चालू करू म्हटलं तर ओरडते. पंख्याखाली उकडत पडली राहते.”

“प्रशांतभाऊ,” तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “रेकॉर्डिंग लावा.”

तो बोलला. त्या खेपेच्या पंपावर कोणती खूण आहे आणि ती कुठे शोधायची, हे सांगितले. तो पंप कोणत्याही दुकानात पावती न मागता बदलून मिळेल आणि तोवर प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावू नका, हेही सांगितले. मधे त्याचा आवाज बसला, खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली. तो ‘हे परत घेऊ’ म्हणाला, ताई म्हणाल्या, “राहू दे, लोकांना कळेल कुणीतरी माणूस बोलतोय.” दोघांचे बोलणे एकाच भागात गेले आणि खाली मजकूरही गेला.

याचा परिणाम काय झाला, हे मला तोलून सांगावे लागेल. पंप परत आले. किती, ते रोहितने सांगितले नाही. कुणाचा जीव वाचला का, हे कळायला मार्ग नाही, आणि न घडलेल्या अपघातांचे श्रेय ताईंना देणे त्यांना आवडणारही नाही. पुढच्या वर्षी कंपनीने आपले काम दुसऱ्या संस्थेकडे दिले. ताईंनी त्यावर एकदाही टीका केल्याचे मी ऐकले नाही. पॉडकास्टमुळे व्यवसाय सच्चा झाला, असेही मी म्हणणार नाही. आवाज घासून गुळगुळीत करता येतो, नकोशी वाक्ये कानाला कळू न देता काढता येतात. ते काम मी रोज करतो. माध्यम बदलल्याने माणूस बदलत नाही. ताई बदलल्या, त्या फोनवर बदलल्या, आणि मी तिथे होतो.

तो फोनचा प्रसंग छापायचा की नाही, यावर गेल्या आठवड्यात आमचे मतभेद झाले. नियमाप्रमाणे मी हा लेख ताईंना घरी जाऊन वाचून दाखवला. कमेंट काढून टाकण्याच्या विनंतीपाशी त्यांनी मला थांबवले.

“हे नको. पंचाहत्तरीच्या ग्रंथात हे कशाला?”

“ताई, हे काढलं तर उरते ती प्रेसनोट.”

“तरी नको. त्या दिवसाची मला लाज वाटते.”

“मग सविताताईंचं उत्तरही जाईल. ते त्यांचं वाक्य आहे.”

ताईंनी माझ्याकडे पाहिले. पुरवणी त्यांचीच होती. त्यांनी चष्मा लावला, नंबर शोधला आणि स्वतः फोन केला. ग्रंथाबद्दल सांगितले, लेखात काय आहे ते सांगितले, आणि ‘तुमची हरकत नसेल तर ते गाळावं म्हणते’ असेही सांगितले. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“राहू द्या ना ताई,” सविताबाई म्हणाल्या. “तुम्ही तसं म्हटलं म्हणून तर मी तसं बोलली. नाही तं कोण बोलते?”

ताईंनी मान हलवली, जणू पलीकडे ते दिसणार होते. तो मजकूर आहे तसा राहिला आहे.

अशा लेखाच्या शेवटी निरोगी दीर्घायुष्य चिंतायचे असते. मी तशी दोन-तीन वाक्ये लिहून पाहिली. दुकान न पाहता लिहिलेल्या त्या प्रेसनोटसारखी वाटली. फोन ठेवण्याआधी सविताबाई जे बोलल्या, तेच मी ताईंच्या सर्व स्नेह्यांच्या वतीने इथे देतो. ते मी त्यांना वाचून दाखवले आहे आणि त्यांची संमती आहे.

“पंच्याहत्तर झाले ना तुमचे, ताई? मंग कूलरमध्ये पाणी भरताना पयले प्लग काढत जा. रोज. शंभर भरतीन.”